एक लिटर पाणी, आठशे लिटर हवा

राईट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाबद्दल लिहिताना बारा अश्वशक्तीच्या इंजिनाचा उल्लेख हमखास होतो, पण हा बाराचा आकडा आला कुठून ते सहसा कोणी सांगत नाही. चार्ली टेलरने बनवलेले ते चार सिलिंडरचे इंजिन थंड असताना सुरू केले की सोळाच्या आसपास अश्वशक्ती द्यायचे. मिनिट-दोन मिनिटांत ते तापायचे, आत जाणारी हवाही तापून विरळ व्हायची आणि ताकद घसरत बारावर येऊन थांबायची. ऑरव्हिल राईटने ही दोन्ही माने पुढे नोंदवून ठेवली आहेत. उभ्या चपट्या नळ्यांचा रेडिएटर पुढच्या एका खांबाला बांधलेला होता, आणि विमान उडणार की नाही हे तापलेल्या इंजिनात उरलेल्या ताकदीवर ठरणार होते. राईट बंधूंनी ती उरलेली ताकद मोजली होती आणि तीच हिशेबात धरली होती. घरच्या कारखान्यात विमान बांधणाऱ्यांची परंपरा स्वतःला या दोघांचे वारस मानते, आणि ते बरोबरही आहे. पण रेडिएटरच्या बाबतीत या वारसांनी बराच काळ मोजले ते भलतेच. त्यांनी पाण्याचे तापमान पाहिले आणि हवा गृहीत धरली. पाण्याने थंड होणारे मोटारीचे इंजिन विमानात चालत नाही, अशी जी समजूत हौशी विमानबांधणीत कित्येक दशके टिकून राहिली, तिच्यामागे इंजिनापेक्षा या न झालेल्या मोजणीचा हात मोठा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हिशेब पाहू. शंभर अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे सुमारे ७५ किलोवॉट. इंधनातली जितकी उष्णता पंख्याच्या दांड्यावर पोचते, जवळपास तितकीच धुराड्यातून जाते, आणि तिच्या निम्मी ते जवळपास तितकीच पाण्यात उतरते. आपण पाण्याच्या वाट्याला ४० किलोवॉट धरू. पंपाने सेकंदाला एक लिटर पाणी फिरवले तर ही सगळी उष्णता वाहून नेताना ते फक्त साडेनऊ-दहा अंशांनी तापते. हीच उष्णता हवेला द्यायची तर सेकंदाला एक किलो हवा लागते आणि ती चाळीस अंशांनी तापते. एक किलो हवा म्हणजे आठशेहून अधिक लिटर. पाणी रबरी नळीतून सांगाल तिकडे जाते, कोपऱ्यावर वळते, पंपाने ढकलले की मुकाट्याने पुढे सरकते. हवेला पंप नसतो. विमानाच्या वेगातून जो दाब मिळेल त्याच्या जोरावर तिने रेडिएटरच्या जाळीत शिरायचे, आणि वाट अवघड वाटली तर ती बाजूने निघून जाते. ताशी १२० किलोमीटर वेगाने चढणाऱ्या विमानाच्या तोंडावर हा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर अवघा सत्तर मिलिमीटर भरतो. ताशी २४० ला तो चौपट, म्हणजे २८० मिलिमीटर. इंजिन पूर्ण ताकदीने चालते ते नेमके चढताना, आणि हवेचा दाब सर्वांत कमी असतो तोही तेव्हाच. रेडिएटरच्या सगळ्या तक्रारींचे मूळ या गैरसोयीच्या योगायोगात आहे.

पहिल्या दशकात या अडचणीवर जो तो आपल्या परीने तोड काढत होता. फ्रान्समध्ये लेव्हाव्हासरच्या आंत्वानेत विमानात पाण्याची वाफ होऊ देत आणि ती धडाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या लांब नळ्यांत थंड करून परत पाणी करत. ब्लेरियोने १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली ती हवेने थंड होणाऱ्या आंझानी इंजिनावर. वाटेत पावसाची सर आली म्हणून तापलेले इंजिन वाचले, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते, आणि खरी असो वा नसो, त्या काळच्या भरवशाची कल्पना ती चांगली देते. नोम कंपनीने तर सिलिंडरच गरगर फिरवून प्रश्न निकालात काढला. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या अल्बाट्रोस डी-३ चा रेडिएटर वरच्या पंखात, वैमानिकाच्या बरोबर डोक्यावर होता. गोळी लागली की उकळते पाणी अंगावर यायचे, म्हणून पुढच्या विमानांत तो उजवीकडे सरकवला. या सगळ्या खटाटोपात रेडिएटर पुरेसा आहे की नाही हे ठरवण्याची रीत एकच होती: उडवून बघा, आणि पाणी उकळले तर मोठा लावा.

ही रीत पहिल्यांदा मोडली ती वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये. हॉबर्ट डिकिन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे रेडिएटरच्या जाळ्यांचे नमुने विंड टनेलमध्ये लावून तपासले. अमेरिकेची विमानविद्या समिती, म्हणजे आजच्या नासाची पूर्वज असलेली नाका, हिने त्यावरचे अहवाल १९२० मध्ये ५९ ते ६३ या क्रमांकांनी छापले. सर्वसाधारण विश्लेषण, तपासणीच्या पद्धती, हवेचा अडथळा, उंचीचा परिणाम आणि शेवटी प्रत्यक्ष निकाल अशी त्यांची मांडणी आहे. आज ते वाचताना लक्षात येते की या मंडळींनी प्रश्नच फिरवला होता. पाणी किती तापते हे विचारण्याआधी त्यांनी विचारले की जाळीच्या प्रत्येक चौरस फुटातून सेकंदाला किती वजनाची हवा जाते. ती हवा किती उष्णता उचलते आणि त्यासाठी विमानाला किती ताकद मोजावी लागते, हे पुढचे प्रश्न त्यातूनच निघाले. जाळीने बाहेर टाकलेली उष्णता एका पारड्यात आणि ती जाळी हवेतून ओढत, तिचे वजन उचलत नेण्यासाठी खर्चलेली ताकद दुसऱ्या पारड्यात घालून त्यांनी रेडिएटरची गुणवत्ता एका आकड्यात आणली. तोपर्यंत रेडिएटर म्हणजे पाण्याचे भांडे होते. इथून पुढे तो हवेचा दरवाजा ठरला. आणखी एक गोष्ट या कामातून स्पष्ट झाली. उघड्या वाऱ्यात सुटी ठेवलेली जाळी आणि इंजिनाच्या नाकावर, मागे धातूची अडगळ घेऊन बसवलेली तीच जाळी, या दोघींमधून सारखी हवा जात नाही. सुट्या जाळीचा आकडा विमानात बसवलेल्या जाळीला लावता येत नाही. शंभर वर्षांनंतरही हौशी बांधणाऱ्यांच्या बऱ्याच फजित्या ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

यावर हरकत घेणारा लगेच मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्हकडे बोट दाखवील. बर्नार्ड पिटेनपोल हा तिथला स्वतःच्या बळावर शिकलेला मेकॅनिक. १९२९ च्या सुमारास त्याने फोर्ड मॉडेल-एच्या चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनावर दोन माणसांचे लाकडी विमान उडवले. ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाचा संपादक वेस्टन फार्मर याचे मत होते की मोटारीचे इंजिन विमानाला चालायचे नाही. पिटेनपोल आपली विमाने घेऊन मिनिआपोलिसला थडकला, आणि फार्मरने मत बदलून त्या ‘एअर कॅम्पर’चे आराखडे छापले. ते विमान आजही नव्याने बांधले जाते. पिटेनपोलने कुठला दाब मोजला होता? त्याच्याकडे ना विंड टनेल होते, ना नाकाचे अहवाल हाताशी ठेवण्याचे कारण. मग मोजणीवाचून काही अडत नाही, हेच सिद्ध होत नाही का?

हरकत वजनदार आहे, पण पिटेनपोलचे विमान नीट पाहिले तर उत्तर तिथेच सापडते. त्याचा रेडिएटर इंजिनाच्या वर, वैमानिकाच्या नजरेला आडवा येईल असा उभा असतो. दिसायला बेढब, समोरचे दिसण्याच्या दृष्टीने वाईट, आणि हवेला अडवणारा. पण तो पंख्याच्या झोतात उघडा आहे. त्याला पुढे डक्ट, म्हणजे हवा आणणारी बंदिस्त वाट, नाही, मागे कोंडणारी जागा नाही. आलेली हवा जाळीतून जाते आणि मोकळ्या आभाळात निघून जाते. शिवाय ताकद चाळीस अश्वशक्तीची आणि वेग इतका बेताचा की हवेच्या अडथळ्याची किंमत फारशी जाणवू नये. अशा मांडणीत मोजण्यासारखे थोडेच उरते. मोजणीची गरज पिटेनपोलने टाळली ती विमान कुरूप आणि सावकाश ठेवून, आणि ती निवड शहाणपणाची होती. पण ज्या दिवशी हौशी बांधणाऱ्याला तेच पाण्याचे इंजिन काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, गुळगुळीत पत्र्याखाली लपवून ताशी अडीचशे किलोमीटर वेग हवासा वाटू लागला, त्या दिवशी पिटेनपोलचा दाखला कामाचा राहिला नाही.

लपवण्याची ही विद्या मोठ्या विमानांत तेव्हाच आकाराला येत होती. १९३१ ची श्नायडर करंडकाची शर्यत जिंकणाऱ्या सुपरमरीन एस-६बी ने जाळीच काढून टाकली. पंखांची कातडीच रेडिएटर बनवली, धडाच्या बाजूंनी तेल थंड केले, आणि त्याच सप्टेंबरात ताशी ४०७ मैलांचा विक्रम केला. उडता रेडिएटर म्हणून ते विमान ओळखले गेले, आणि तेही शेवटी वैमानिकाने तापमानाच्या काट्याकडे बघत इंजिनाला आवर घालतच उडवायचे होते. शर्यतीबाहेर ही युक्ती निरुपयोगी, कारण एक गोळी लागली की पंखच गळायला लागणार. दुसरा रस्ता इथिलीन ग्लायकोलचा. ते १९७ अंशांना उकळते, त्यामुळे शीतक अधिक गरम ठेवता आले; बाहेरची हवा आणि शीतक यांच्या तापमानातला फरक वाढला आणि रेडिएटर लहान झाला. तिसरा आणि खरा महत्त्वाचा रस्ता ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथने १९३५ च्या अहवालात दाखवला. रेडिएटर डक्टमध्ये बसवा. हवा आधी पसरत्या नळकांड्यात सावकाश होऊ द्या म्हणजे तिचा वेग दाबात बदलेल. मग ती जाळीतून हळू जाईल, तापेल, आणि आवळत्या तोंडातून वेगाने बाहेर पडेल. अशाने अडथळा घटेल आणि पुरेशा वेगाला तापलेल्या हवेतून थोडा धक्काही मिळेल. जर्मनीत युंकर्सने असल्या कल्पनेचे पेटंट १९१५ मध्येच घेतले होते, पण हिशेब मांडून तिला वजन दिले ते मेरेडिथने. २६ ऑक्टोबर १९४० ला पहिल्यांदा उडालेल्या मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाच्या पोटाखालचा तो मोठा डक्ट या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. आणि तोसुद्धा कागदावरून सरळ आभाळात गेला नाही. पी-५१बी या मस्टँगच्या डक्टमधून घरघर ऐकू येऊ लागली तेव्हा नाकाच्या एम्स प्रयोगशाळेतल्या सोळा फुटी विंड टनेलमध्ये विमान नेऊन कारण शोधावे लागले: पोटाला चिकटून येणारी मंद हवा डक्टच्या तोंडात शिरत होती. तोंड पोटापासून थोडे खाली सरकवले आणि घरघर थांबली. पाण्याच्या तापमानाचा काटा हे कधीच सांगू शकला नसता.

युद्ध संपले आणि ही सगळी विद्या अहवालांच्या गठ्ठ्यांत गेली. मोठी विमाने जेटकडे वळली. लहान विमानांना काँटिनेंटल आणि लायकोमिंगची हवेने थंड होणारी इंजिने स्वस्तात मिळू लागली. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नीने मिलवॉकीत हौशी बांधणाऱ्यांची संघटना, ईएए, उभी केली तेव्हा तिच्या सभासदांच्या विमानांत प्रामुख्याने हीच इंजिने होती. हवेच्या इंजिनालाही हवा लागतेच, पण तिथे कारखान्याने सिलिंडरवर पंख ओतून दिलेले असतात, पत्र्यांच्या आडोशाची रीत ठरलेली असते, आणि शेजारच्या हँगरातल्या विमानाची नक्कल करून काम भागते. पाण्याच्या इंजिनाचा प्रश्न अशा रीतीने एक पिढीभर पडद्याआड राहिला. तो परत आला तो इंजिनांच्या किमती चढल्यावर. सुबारूची आडवी इंजिने, माझ्दाची रोटरी, होंडा, फोर्ड. भंगारातून स्वस्तात मिळणारे, हलके, लाखो मोटारींत तावून-सुलाखून निघालेले इंजिन कोणाला नको होते? त्याच सुमारास, १९८६ च्या डिसेंबरात, व्हॉयेजर न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मोहावीच्या वाळवंटात बांधलेल्या त्या विमानाचे मागचे इंजिन पाण्याने थंड होणारे होते आणि जवळपास सगळा प्रवास त्यानेच ओढला. पाण्याचे इंजिन चालते याचा यापेक्षा मोठा पुरावा लागत नाही.

तरीही हँगरांतून तक्रार येत राहिली: जमिनीवर ठीक, चढताना उकळते. त्यावरचा उपाय बहुधा मोटारीच्या गॅरेजमधला असे. मोटारीचा मोठा रेडिएटर आणा; तो मावत नाही तर जाड आणा; वातानुकूलनाच्या इव्हॅपोरेटरच्या जाड जाळ्या भंगारात मिळतात, त्यांना नळ्या जोडा. यातला शेवटचा उपाय रोटरीवाल्यांमध्ये बराच लोकप्रिय झाला आणि योग्य डक्ट मिळाला तिथे तो यशस्वीही झाला. पण जाड जाळीला दाब अधिक लागतो. चढताना हाताशी असलेल्या सत्तर मिलिमीटरमधले तीस मिलिमीटर जर वाकड्यातिकड्या डक्टमध्येच वाया गेले, तर जाळी कितीही मोठी असो, तिच्यातून हवा जाणार नाही. ज्यांना हे उमगले त्यांनी एक जुने पुस्तक उकरून काढले: डीट्रिश क्युखमान आणि योहाना वेबर यांचे १९५३ चे प्रणोदनाच्या (प्रॉपल्शनच्या) वायुगतिकीवरचे पुस्तक. दोघेही युद्धानंतर गटिंगेनहून फार्नबरोला गेलेले शास्त्रज्ञ. त्यांच्या पुस्तकातल्या डक्टचा आकार, म्हणजे सुरुवातीला लांबवर अरुंद राहून जाळीच्या अगदी जवळ भसकन पसरणारा, हौशी बांधणाऱ्यांत त्यांच्या आद्याक्षरांनी ओळखला जातो. लढाऊ विमानांसाठी झालेले काम अशा रीतीने चाळीस-पन्नास वर्षांनी फायबरग्लासच्या घरगुती साच्यांत उतरले.

आकार उचलला म्हणून तो आपल्या विमानात तसाच काम करतो असे नाही, आणि इथे मोजणीचे साधन लागते. ते फार साधे आहे. जाळीच्या पुढे एक बारीक नळी, मागे एक. दोन्ही कॉकपिटमध्ये आणायच्या आणि रंगीत पाणी भरलेल्या यू आकाराच्या पारदर्शक नळीला जोडायच्या. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे जाळीवर पडणारा दाब. विमान हेलकावे खाताना पाणी डचमळते, म्हणून काहींनी आणखी चतुर युक्ती काढली. वेगदर्शक हे मुळात दाब मोजणारेच यंत्र आहे. भंगारातला एक जादा वेगदर्शक घ्यायचा, त्याचे पुढचे तोंड जाळीच्या पुढच्या बाजूला आणि स्थिर दाबाचे तोंड मागच्या बाजूला जोडायचे. आता तो जाळीवरचा दाब नॉटमध्ये दाखवतो. साठ नॉटचा दाब म्हणजे पाण्याचे जवळपास साठच मिलिमीटर, हा आकड्यांचा योगायोग हिशेब सोपा करतो. समजा विमान ऐंशी नॉटला चढते आहे आणि जाळीचा काटा साठ दाखवतो आहे. साठाचा वर्ग भागिले ऐंशीचा वर्ग, म्हणजे ५६ टक्के. उपलब्ध दाबापैकी इतका वाटा जाळीच्या कामी येतो. उरलेला ४४ टक्के डक्टच्या तोंडाशी, वळणावर किंवा बाहेर पडताना हरवतो आहे. तो कुठे हरवतो हे नळ्यांची टोके एकेक जागा सरकवून शोधता येते. जाळीच्या पुढे दाब कमी भरला तर दोष तोंडात किंवा पसरट भागात. पुढे भरपूर आणि मागेही भरपूर असेल तर हवा आत येऊन तुंबली आहे, बाहेरची वाट मोठी करायला हवी.

दुसरे साधन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या: जाळीतून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेत चार-पाच ठिकाणी लावलेली. समजा पाणी शंभर अंशांवर आहे आणि बाहेर पडणारी हवा नव्वदवर. मग जाळीने आपले काम चोख केले आहे. तिला आणखी हवा द्या, मोठी जाळी लावून काही होणार नाही. उलट हवा पन्नासवर बाहेर पडत असेल तर हवा मुबलक आहे आणि ती उष्णता न उचलताच निसटते आहे. तिथे जाळी, पाण्याचा प्रवाह किंवा जाळीच्या कडेच्या फटी तपासायच्या. एका कोपऱ्यात ऐंशी आणि दुसऱ्यात चाळीस मिळाले तर हवा सारखी वाटली जात नाही. काट्यावर या तिन्ही विमानांचे पाणी सारखेच तापलेले दिसते, आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

हे सगळे मान्य करूनही अनुभवी माणूस म्हणेल की शेवटी पाण्याचा काटाच खरा. तो हद्दीत असेल तर डक्टमध्ये काय चालले आहे याची पंचाईत कशाला? दोन कारणांसाठी. पहिले, काटा खोटे बोलू शकतो, आणि नेमका नको त्या वेळी बोलतो. नळी फुटून पाणी निघून गेले की संवेदक कोरडा पडतो. वाफेत किंवा हवेत लटकणारा संवेदक पाण्यातल्यापेक्षा कमी तापमान दाखवू शकतो. इंजिन जळत असताना काटा खाली येतो. म्हणून जाणकार बांधणारे शीतकाच्या दाबाचा वेगळा काटा किंवा दिवा लावतात. दुसरे कारण पैशाचे आहे, निदान पेट्रोलचे. काटा हद्दीत आहे म्हणजे थंडाई पुरेशी आहे. ती किती महाग पडते आहे हे काटा सांगत नाही. वेग दुप्पट केला की उघड्या डक्टमधून हवा दुप्पट जाते आणि दाब चौपट होतो, म्हणजे खर्च आठपट. चढताना अर्धा किलोवॉट खाणारा रेडिएटर सपाट उड्डाणात चार किलोवॉट, म्हणजे पाचाहून अधिक अश्वशक्ती खाऊ लागतो, आणि तीही इंजिनाला एवढ्या थंडाईची गरज नसताना. म्हणून बाहेरच्या तोंडाला झडप हवी, आणि ती किती मिटायची हे दाबाच्या काट्यावाचून ठरत नाही. जमिनीवरच्या चाचणीवर विसंबणाऱ्यालाही हेच उत्तर लागू पडते. उभ्या विमानात फक्त पंख्याचा झोत असतो. तिथे उकळणारे इंजिन हवेत शांत राहू शकते आणि तिथे शांत असलेले चढताना उकळू शकते.

उन्हाळ्याचा मुद्दा आपल्याकडच्या वाचकाला अधिक जवळचा. थंड दिवशी केलेली चाचणी तापत्या दिवसासाठी कशी वाचायची, याची रीत प्रमाणित विमानांच्या अमेरिकी नियमांत आहे: बाहेरची हवा जितके अंश अधिक, तितकेच अंश शीतकात मिळवा. वीस अंशांच्या हवेत चढताना पाणी ९५ वर गेले असेल तर ४५ अंशांच्या दिवशी ते १२० वर जाईल. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकोल यांचे मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळते. दाबाचे झाकण नसेल तर ते विमान त्या दिवशी उडू नये. याच नियमांनी समुद्रसपाटीवर ज्या कमाल उष्णतेसाठी थंडाई सिद्ध करायला सांगितली ती १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. मे महिन्यातले नागपूर ती हद्द सहज ओलांडते आणि कडक दुपारी तिच्या सात अंशही पुढे जाऊ शकते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या हंसा-३ या प्रशिक्षण विमानात रोटॅक्स ९१४ इंजिन आहे, ज्याची सिलिंडरची डोकी पाण्याने आणि बाकीचे अंग हवेने थंड होते. युरोपात आखलेले असे इंजिन विदर्भात वापरताना विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला रेडिएटरचा आकार पुरत नाही, आपल्या विमानातल्या जाळीवरचा दाब माहीत असावा लागतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. मोटारीच्या इंजिनांची जी विमाने फसली ती सगळी रेडिएटरमुळे फसली नाहीत. वेग उतरवणारे गिअर, दांड्याची पिळवटणारी कंपने, प्रज्वलनाची इलेक्ट्रॉनिक जुळणी, इंधनाच्या नळ्या यांनीही बळी घेतले, आणि तिथे दाबाची नळी काही कामाची नाही. पण उकळण्याची तक्रार आणि गिअर तुटण्याची तक्रार एकाच खात्यात टाकून ‘मोटारीचे इंजिन’ नावाच्या आरोपीला शिक्षा करणे हा न्याय नव्हे. रोटॅक्सचे ९१२ इंजिन १९८९ पासून अर्धे पाण्यावरच थंड होत आले आहे आणि हलक्या विमानांत आज ते सर्वांत परिचित आहे. फरक एवढाच की रोटॅक्स आपल्या पुस्तिकेत तापमानाच्या हद्दी आणि त्या कशा तपासायच्या हे लिहून देते, आणि भंगारातल्या सुबारूसोबत असे काही येत नाही.

उलट बाजूची अतिशयोक्तीही मोजणीनेच जमिनीवर येते. मस्टँगची कथा वाचून कित्येक हौशी बांधणाऱ्यांना वाटते की आपला डक्टही विमानाला पुढे ढकलेल. मस्टँगच्या डक्टने अडथळा जवळजवळ भरून काढला की त्याहून अधिक दिले, यावर जाणकार अजून वाद घालतात. घरगुती विमानाच्या बाबतीत वादाला जागा नाही. तापलेल्या हवेतून काम मिळते ते दाबाच्या प्रमाणात, आणि ताशी २४० किलोमीटरला हा दाब वातावरणाच्या पावणेतीन टक्के भरतो. त्या दाबाला ४० किलोवॉट उष्णतेतून, एकही तोटा न धरता, फार तर ०.३ किलोवॉट मिळेल. अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी. जाळीतून हवा ढकलण्याचा खर्चच त्याहून मोठा आहे. मस्टँगच्या वेगाला हीच परतफेड पाच टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून तिथे तिचा विचार करण्यात अर्थ होता. हौशी बांधणाऱ्याला चांगल्या डक्टमधून मिळते ती बचत, धक्का नव्हे, आणि ती किती झाली हे जाळीवरच्या काट्यावर वाचता येते.